तीन ओरॅकल होम, एक सर्व्हर: लिसनर किती आणि कुठल्या होममधून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लिनक्स सर्व्हरवर तीन ओरॅकल डेटाबेस आहेत: पगाराचा जुना ११जी (११.२.०.४), भांडाराचा १२सी (१२.१.०.२) आणि विक्रीसाठी नुकताच उभा केलेला १९सी. तिघांची होम (ओरॅकलचं सॉफ्टवेअर जिथे टाकलेलं असतं त्या डिरेक्टरी) वेगळी. प्रत्येक होममध्ये एकेक लिसनर, म्हणजे बाहेरून येणारी कनेक्शन घेणारा प्रोग्राम, आणि तिघांचंही नाव ‘लिसनर’च. मशीन रीबूट झालं की जो आधी उठेल तो १५२१ पोर्ट पकडतो, बाकीचे दोन टीएनएस-१२५४२, म्हणजे ‘पत्ता आधीच वापरात आहे’, असं सांगून पडतात. मग कधी पगार लागत नाही, कधी भांडार. तीन पोर्टांवर तीन लिसनर ठेवावेत की एकच ठेवावा, आणि एकच ठेवायचा तर कुठला?

एकच ठेवा, आणि तो १९सीचा. जमलं तर तोही विक्रीच्या डेटाबेसच्या होममधून नको, फक्त लिसनरसाठी म्हणून टाकलेल्या वेगळ्या १९सी होममधून चालवा. आता याची कारणं, आणि बदल करताना नेमकं कुठे घसरायला होतं ते.

लिसनरचं काम मुळात फार थोडं असतं. क्लायंट पोर्टवर येतो, सर्व्हिसचं नाव (डेटाबेस बाहेर ज्या नावाने ओळखला जातो ते) सांगतो. लिसनर त्या डेटाबेसच्या होममधली ओरॅकल बायनरी चालवून एक डेडिकेटेड सर्व्हर प्रोसेस उभी करतो, कनेक्शन तिच्या स्वाधीन करतो आणि बाजूला होतो. सोसायटीच्या वॉचमनने फ्लॅट दाखवला की पुढे घरात काय बोलणं होतं त्याच्याशी त्याचा संबंध नसतो, तसंच हे. म्हणून लिसनरचं व्हर्जन आणि डेटाबेसचं व्हर्जन एक असावं लागत नाही. म्हणूनच चालू लिसनर बंद केला तरी आधीपासून लागलेली सेशन्स तुटत नाहीत, फक्त नवीन कोणी आत येऊ शकत नाही. प्रोसेसच्या यादीत ‘लोकल=नो’ असं शेपूट असलेल्या ज्या प्रोसेस दिसतात त्या याच. लिसनर मेला तरी त्या जिवंत राहतात.

मात्र व्हर्जनची ही सवलत एकाच दिशेने आहे. नव्या व्हर्जनचा लिसनर जुन्या डेटाबेसला चालतो, जुना लिसनर नव्या डेटाबेसला चालवायचा नाही. ११.२ च्या लिसनरवर १९सी कधीकधी रजिस्टर झाल्यासारखा, म्हणजे लिसनरकडे नोंद झाल्यासारखा, दिसतो आणि लोक खूश होतात. पण ओरॅकल त्याला सपोर्ट देत नाही आणि प्रॉडक्शनमध्ये असल्या ‘चालतंय ना’ वर मी तरी विसंबणार नाही. नियम साधा आहे: सर्व्हरवर जे सगळ्यात वरचं व्हर्जन असेल, लिसनर त्याचा किंवा त्याहून नवा. ग्रिड इन्फ्रास्ट्रक्चरलाही (क्लस्टर आणि डेटाबेस सांभाळणारं ओरॅकलचं वेगळं सॉफ्टवेअर) हाच नियम लागू आहे, ग्रिडचं व्हर्जन त्यावरच्या कुठल्याही डेटाबेसपेक्षा कमी चालत नाही.

सुरक्षेचं कारणही तितकंच वजनदार आहे. २०१२ साली ‘टीएनएस पॉयझन’ नावाने गाजलेली त्रुटी, सीव्हीई-२०१२-१६७५, लिसनरच्या रजिस्ट्रेशनमधलीच होती. बाहेरचं मशीन तुमच्या लिसनरवर तुमच्याच सर्व्हिसच्या नावाने रजिस्टर होऊन कनेक्शन स्वतःकडे वळवू शकत होतं. ‘व्हॅलिड_नोड_चेकिंग_रजिस्ट्रेशन’ हे त्यावरचं कुलूप. ११.२.०.४ मध्ये ते उपलब्ध आहे, पण आपोआप लागलेलं नसतं. १२सीपासून ते लागलेलंच येतं. जुन्या डेटाबेसपुढे नवा लिसनर ठेवला की हे कुलूप त्यालाही मिळतं.

आता तुमच्याकडे रीबूटनंतर पगार आणि भांडार आळीपाळीने का गायब होतात ते पाहू. डेटाबेस लिसनरला दोन तऱ्हांनी कळतो. एक स्टॅटिक: लिसनर.ओआरए फाइलमध्ये एसआयडी_लिस्ट खाली आपण हाताने लिहिलेलं. दुसरी डायनॅमिक: इन्स्टन्स, म्हणजे चालू डेटाबेसच्या प्रोसेस आणि मेमरी, स्वतः जाऊन लिसनरला सांगतो. ११जीपर्यंत हे काम पीमॉन करत असे, १२सीपासून एलरेग नावाची वेगळी बॅकग्राउंड प्रोसेस करते. तुमच्या तिन्ही फाइलींत आपापल्या डेटाबेसच्या स्टॅटिक एंट्री असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. जो लिसनर उठतो त्याला फक्त स्वतःच्या फाइलमधल्या एंट्री माहीत असतात. बाकीचे डेटाबेस डायनॅमिक पद्धतीने आले तर आले, आणि लिसनर जुना पडला तर त्यांचा भरवसा नाही. क्लायंटने कनेक्शनमध्ये सर्व्हिस दिली असेल तर ओआरए-१२५१४ दिसतो, एसआयडी (इन्स्टन्सचं नाव) दिली असेल तर ओआरए-१२५०५.

सुरुवात करण्याआधी आत्ता काय चालू आहे याचा पंचनामा करा. प्रोसेसच्या यादीत टीएनएसएलएसएनआर, म्हणजे लिसनरची बायनरी, शोधा. त्या ओळीत बायनरीचा पूर्ण मार्ग असतो, म्हणजे लिसनर कुठल्या होमचा ते कळतं, आणि त्यापुढे लिसनरचं नाव असतं. मग एलएसएनआरसीटीएल स्टेटस चालवा (एलएसएनआरसीटीएल ही लिसनर सांभाळायची कमांड). इथे लोक घाईत दोन ओळी वाचतच नाहीत. सगळ्यात वरची ओळ एलएसएनआरसीटीएलचं, म्हणजे तुम्ही चालवलेल्या हत्याराचं, व्हर्जन सांगते. खाली ‘व्हर्जन’ समोर टीएनएसएलएसएनआर असं लिहिलेलं असतं, ते प्रत्यक्ष चालू असलेल्या लिसनरचं. वर ११.२.०.४ आणि खाली १९.०.० दिसलं तर समजा की तुम्ही एका होममधून दुसऱ्या होमच्या लिसनरशी बोलताय. खात्री करायची असेल तर ‘लिसनर पॅरामीटर फाइल’ ही ओळ बघा. ती कुठली लिसनर.ओआरए वाचली गेली ते पूर्ण मार्गासकट सांगते.

हे एवढं ठासून सांगण्याचं कारण आहे. तिघांचंही नाव ‘लिसनर’ असलं आणि एखाद्या होममध्ये लिसनर.ओआरए नसली, तर त्या होमचा एलएसएनआरसीटीएल डिफॉल्ट पत्त्यावर, म्हणजे याच मशीनच्या १५२१ वर, जातो. तिथे स्टॉप दिला तर जो कुणी १५२१ वर बसलाय तो बंद होतो. ११जीचं पर्यावरण (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) लावून, ११जीचाच लिसनर थांबवतोय अशा समजुतीत १९सीचा लिसनर थांबवणारे कितीतरी जण मी पाहिलेत. तिन्ही होमचा मालक एकच ओएस युजर असल्यामुळे त्याला अडवणारंही कोणी नसतं. म्हणून दोन सवयी लावून घ्या: लिसनरला त्याच्याच होमच्या एलएसएनआरसीटीएलने हात लावायचा, आणि नाव नेहमी लिहायचं. नवीन लिसनरला ‘लिसनर’ऐवजी ‘लिसनर_१९’ असं स्वतःचं नाव द्या.

वेगळ्या नावाचा आणखी एक फायदा लॉगमध्ये दिसतो. ११जीपासून लिसनरचा लॉग एडीआरमध्ये, म्हणजे डायग, टीएनएसएलएसएनआर, होस्टचं नाव आणि मग लिसनरचं नाव अशा डिरेक्टरीत जातो. ओरॅकल बेस (ओरॅकलची मूळ डिरेक्टरी) एक आणि नाव एक असेल तर वेगवेगळ्या होमच्या लिसनरांचे लॉग एकाच ठिकाणी येऊन मिसळतात. मग रात्री दोनला कोण पडलं होतं हे शोधताना डोकं फिरतं.

आता नवीन लिसनर. १९सीचं वेगळं होम टाका, त्यात डेटाबेस बनवू नका. वेगळं का? कारण दर तिमाहीला, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमध्ये, पॅच येतात, आणि ज्या होमला पॅच लावायचा त्यातून चालणारं सगळं थांबवावं लागतं. लिसनर विक्रीच्या होममध्ये असला तर विक्रीला पॅच लावताना पगार आणि भांडाराचाही दरवाजा बंद. पगारवाले विचारणार, ‘आमचा काय संबंध?’ आणि त्यांचं बरोबरच असेल. लिसनरचं होम वेगळं असलं की त्याचा पॅच वेगळ्या वेळी लावता येतो. किंवा शेजारी पॅच केलेलं नवं होम तयार ठेवून लिसनर तिकडून उठवता येतो, त्यात खंड काही सेकंदांचाच पडतो. डिस्कवर काही जीबी जागा जाते, ती जाऊ द्या.

ओरॅकल रीस्टार्ट (एका सर्व्हरवर ग्रिड) किंवा रॅक (अनेक सर्व्हरचा क्लस्टर) असेल तर हा मुद्दाच नाही. लिसनर ग्रिडच्या होममधून चालतो आणि एसआरव्हीसीटीएल त्याला सांभाळतो. तिथे डेटाबेसच्या होममधून नेटसीए (लिसनर बनवायचं ओरॅकलचं साधन) चालवून आणखी एक लिसनर बनवू नका, ती नसती डोकेदुखी होते. फक्त एक तपासा: ग्रिडचा मालक वेगळा युजर आणि डेटाबेसचा वेगळा असेल, तर डेटाबेस होममधल्या ओरॅकल बायनरीची परवानगी ६७५१ हवी. कोणीतरी होम साध्या कॉपीने हलवलं की सेटयूआयडी बिट (प्रोग्राम त्याच्या मालकाच्या हक्काने चालवणारी खूण) उडतो. मग सर्व्हरवर बसून डेटाबेसमध्ये शिरता येतं पण लिसनरमार्फत आलं की ओआरए-१२५३७ येतो. लोक दिवसभर फायरवॉल तपासत बसतात.

चालू लिसनरला धक्का न लावता नवा लिसनर आधी दुसऱ्या पोर्टवर, समजा १५३१ वर, उठवा. इथे पहिला खड्डा: पोर्ट बदलला तरी टीएनएस-१२५४२ येऊ शकतो. कारण नेटसीएने बनवलेल्या फाइलमध्ये टीसीपीबरोबर एक आयपीसी पत्ता (त्याच मशीनवरच्या प्रोसेससाठीचा) असतो आणि त्याची की बहुतेक वेळा ‘एक्स्टप्रॉक१५२१’ असते. दोन लिसनर एक की वापरू शकत नाहीत. नव्याची की बदला, किंवा एक्स्टर्नल प्रोसिजर (डेटाबेसमधून बोलावलेला बाहेरचा कोड) वापरत नसाल तर ती ओळच काढा. या कीच्या सॉकेट फाइली /व्हार/टीएमपी/.ओरॅकल मध्ये असतात. ‘अडकलंय वाटतं’ म्हणून चालू सिस्टीमवर त्या पुसायला जाऊ नका.

मग प्रत्येक डेटाबेसला नवा पत्ता सांगा. लोकल_लिसनर हा पॅरामीटर रिकामा असेल तर इन्स्टन्स फक्त स्वतःच्या होस्टच्या १५२१ वर जातो. त्यामुळे १५३१ वर तिघांपैकी कोणीच आपोआप दिसणार नाही. अल्टर सिस्टीमने लोकल_लिसनरमध्ये अ‍ॅड्रेस_लिस्ट देऊन १५२१ आणि १५३१ असे दोन्ही पत्ते लिहा. इन्स्टन्स दोन्ही लिसनरवर रजिस्टर होतो, जुने क्लायंट जुन्या वाटेने येत राहतात आणि तुम्ही नव्या वाटेची चाचणी घेता. रजिस्ट्रेशन साधारण मिनिटभरात आपोआप होतं. थांबायचं नसेल तर अल्टर सिस्टीम रजिस्टर.

पॅरामीटरमध्ये पूर्ण पत्ता लिहा, टोपणनाव नको. डीबीसीए (डेटाबेस बनवायचं ओरॅकलचं साधन) बऱ्याचदा ‘लिसनर_विक्री’ असं टोपणनाव ठेवतो आणि त्याचा खरा पत्ता त्या होमच्या टीएनएसनेम्स.ओआरए मध्ये असतो. उद्या डेटाबेस अपग्रेड होऊन नव्या होममध्ये गेला, ती फाइल मागे राहिली, की इन्स्टन्स नोमाउंटलासुद्धा, म्हणजे डेटाबेस उघडण्याआधीच्या पहिल्या पायरीलासुद्धा, येत नाही. ओआरए-००११९ आणि त्याखाली ओआरए-००१३२ देऊन थांबतो. अपग्रेडच्या रात्री हे बघून लोकांना वाटतं एसपीफाइल (डेटाबेसच्या पॅरामीटरची फाइल) खराब झाली.

स्टॅटिक एंट्री ठेवाव्यात का? माझं मत: गरज असेल तेवढ्याच. डेटाबेस बंद किंवा नोमाउंटमध्ये असताना बाहेरून त्याच्याशी जोडायचं असेल, उदाहरणार्थ आरमॅन डुप्लिकेट (डेटाबेसची प्रत काढणं) किंवा डेटा गार्डच्या (स्टँडबाय डेटाबेसच्या) कामात, तेव्हा त्या हव्यात. कारण नोमाउंटमधला डायनॅमिक इन्स्टन्स ‘ब्लॉक्ड’ असतो आणि ओआरए-१२५२८ मिळतो. एरवी डायनॅमिकच बरं. स्टेटसमध्ये ‘रेडी’ दिसलं म्हणजे इन्स्टन्सने स्वतः येऊन सांगितलंय. ‘अननोन’ दिसलं म्हणजे ती स्टॅटिक एंट्री आहे आणि डेटाबेस जिवंत आहे की नाही हे लिसनरला माहीत नाही. ‘अननोन’ म्हणजे बिघाड नव्हे, हे नवख्यांना दर वेळी सांगावं लागतं.

स्टॅटिक एंट्रीत ओरॅकल_होम हे डेटाबेसचं लिहायचं, लिसनरचं नाही. पगारसाठी ११.२ चं, भांडारसाठी १२.१ चं. एका लिसनरमध्ये तीन वेगळी होम लिहिलेली चालतात, त्यासाठीच तर ती जागा आहे. चूक झाली तर लिसनर तक्रार करत नाही. तो निमूटपणे चुकीच्या होमची बायनरी उठवतो, तिला शेअर्ड मेमरी सापडत नाही आणि ओआरए-०१०३४ बरोबर ओआरए-२७१०१ येतो. डेटाबेस तर चालू असतो! कारण असं की शेअर्ड मेमरीची ओळख होमचा मार्ग आणि एसआयडी या दोन्हींवरून ठरते, अक्षर न् अक्षर. मार्गाच्या शेवटी एक जादा तिरकी रेघ राहिली तरी ती ओळख बदलते. इन्स्टन्स उठवताना होम एका पद्धतीने लिहिलं आणि लिसनर.ओआरए मध्ये शेवटी रेघ देऊन, तर हाच एरर येतो. डोळ्यांना दोन्ही मार्ग सारखेच दिसतात.

एसक्यूएलनेट.ओआरए, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या सेटिंगची फाइल, हिच्याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ असतो, म्हणून जरा सविस्तर. लिसनर स्वतःच्या होमची एसक्यूएलनेट.ओआरए वाचतो आणि डेटाबेसची सर्व्हर प्रोसेस तिच्या होमची. कुठल्या आयपींना आत घ्यायचं ही टीसीपी.व्हॅलिडनोड_चेकिंग आणि टीसीपी.इन्व्हायटेड_नोड्सची यादी लिसनर तपासतो. आज ती ११जीच्या होममध्ये असेल तर लिसनर हलवताना ती नव्या होममध्ये न्यायलाच हवी. नाही नेली तर काहीच बिघडत नाही, सगळं छान चालतं, आणि नेमका तोच घोटाळा आहे: पगाराचा डेटाबेस सगळ्या नेटवर्कला उघडा पडतो आणि ऑडिटपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

उलट एसक्यूएलनेट.अलाउड_लॉगॉन_व्हर्जन_सर्व्हर ही सेटिंग डेटाबेसच्या होममध्ये लागते. जुना १०जी क्लायंट १९सीला जोडायला गेला आणि ओआरए-२८०४० आला, की लोक लिसनरला शिव्या देतात. लिसनरने त्याचं काम केलेलं असतं, कनेक्शन सर्व्हर प्रोसेसपर्यंत पोचलेलं असतं, नाकारतो तो डेटाबेस. लिसनर बदलून हा एरर जाणार नाही. शक्यतो क्लायंट बदला. १९सीसाठी ११.२.०.४ किंवा त्यापुढचा क्लायंट लागतो. सेटिंग खाली उतरवणं हा शेवटचा उपाय.

म्हणूनच टीएनएस_अ‍ॅडमिन हे व्हेरिएबल (या नेटवर्कच्या फाइली कुठे आहेत ते सांगणारं) सगळ्या होमसाठी एका डिरेक्टरीकडे वळवण्याचा मोह टाळा. टीएनएसनेम्स.ओआरए एकच ठेवणं सोयीचं आहे, ती सिमलिंकने वाटून घ्या. पण एसक्यूएलनेट.ओआरए ज्याची त्याची हवी. नाहीतर ११जीसाठी ढिली केलेली सेटिंग १९सीलाही लागते. स्टॅटिक एंट्रीतून उठणारी प्रोसेस लिसनरचं पर्यावरण वारशाने घेते, हेही ध्यानात ठेवा. गरज पडली तर त्या एंट्रीत ‘एन्व्हीएस’ लिहून तिथे त्या डेटाबेसचं टीएनएस_अ‍ॅडमिन देता येतं.

एकच लिसनर ठेवण्याचा एक खरा धोकाही आहे, तो लपवत नाही. सर्व्हिसचं नाव दोन इन्स्टन्सनी सांगितलं तर लिसनर त्याला एकाच सर्व्हिसचे दोन इन्स्टन्स समजतो आणि कनेक्शन दोघांत वाटून देतो. भांडारची चाचणीसाठी १९सीवर कॉपी काढली आणि सर्व्हिसचं नाव तेच राहिलं, तर निम्मे लोक प्रॉडक्शनमध्ये आणि निम्मे टेस्टमध्ये नोंदी करत बसतील, एकही एरर न येता. स्टेटसमध्ये त्या सर्व्हिससमोर दोन वेगळी इन्स्टन्स नावं दिसली की सावध व्हा. मल्टिटेनंटमध्ये (एका सीडीबी म्हणजे मुख्य डेटाबेसच्या पोटात अनेक पीडीबी म्हणजे छोटे डेटाबेस) तर हे हमखास होतं, कारण प्रत्येक पीडीबीच्या नावाची सर्व्हिस आपोआप तयार होते. एका लिसनरखाली येणाऱ्या सगळ्या सीडीबींमध्ये पीडीबींची नावं वेगळी असायला हवीत, ओरॅकलच्या कागदपत्रांतही हे बजावलेलं आहे.

चाचणी झाली की थोडा डाउनटाइम घ्या. जुने लिसनर थांबवा, लिसनर_१९ ला १५२१ द्या, तिन्ही डेटाबेसच्या लोकल_लिसनरमध्ये फक्त १५२१ चा पूर्ण पत्ता ठेवा, तिन्हींवर अल्टर सिस्टीम रजिस्टर चालवा. मग रीबूट करून बघा, हे टाळू नका. जुने लिसनर कुठल्या ना कुठल्या स्टार्टअप स्क्रिप्टमधून पुन्हा डोकं वर काढतात. डीबीस्टार्ट वापरत असाल तर त्याला पहिला आर्ग्युमेंट म्हणून लिसनरच्या होमचा मार्ग द्यावा लागतो. त्या स्क्रिप्टमधल्या व्हेरिएबलच्या नावात ‘लिसनर’च्या स्पेलिंगमधला एक ‘ई’ गळालेला आहे. कित्येक वर्षं तो तसाच आहे, दुरुस्त करायला जाऊ नका. जुन्या होममधल्या लिसनर.ओआरए फाइलींची नावं बदलून ठेवा, पण मग त्या होममधून नाव न लिहिता एलएसएनआरसीटीएल स्टॉप देऊ नका, का ते वर आलंच आहे.

तीन लिसनर कधी ठेवावेत? पगाराच्या पोर्टवर फायरवॉलचा वेगळा नियम हवा असेल, किंवा डेटाबेस वेगवेगळ्या टीमचे असून एकाने दुसऱ्याच्या लिसनरला हात लावायचा नसेल, तर जरूर ठेवा. पण तेव्हाही तिन्ही १९सीच्या होममधूनच, वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या पोर्टांवर चालवा. एका लिसनर.ओआरए मध्ये तीन लिसनर लिहिता येतात. व्हर्जन वेगळं आहे एवढ्याच कारणाने लिसनर वेगळा करायची गरज नाही.

राहिला पगाराचा जुना अ‍ॅप्लिकेशन, ज्यात कनेक्शन स्ट्रिंगमध्ये एसआयडी कोरलेली आहे आणि सोर्स कोणाकडेच नाही. आज अडचण नाही, ११जीला एसआयडी चालते. पुढे पगार पीडीबी म्हणून १९सीमध्ये गेला की ओआरए-१२५०५ येईल, कारण पीडीबीला स्वतःची एसआयडी नसते. तेव्हा नव्या लिसनर.ओआरए मध्ये ‘यूज_एसआयडी_अ‍ॅज_सर्व्हिस_’ यापुढे लिसनरचं नाव जोडून तो पॅरामीटर ऑन करा. मग आलेली एसआयडी लिसनर सर्व्हिसचं नाव म्हणून वाचतो. फक्त पीडीबीच्या सर्व्हिसचं नाव जुन्या एसआयडीशी जुळायला हवं. डेटाबेसला डोमेन लावलेलं असेल तर त्या सर्व्हिसमागे शेपूट लागतं आणि जुळत नाही, तेव्हा पीडीबी बनवतानाच तेवढं बघून घ्या.